पेन्सिलीतला नावाडी

"धुकं चढतंय," चष्मेवाला म्हणाला. "ताई, तुझी राणी नदीच्या मधोमध खडकावर उभी आहे. पाणी गुडघ्याला लागलं. बोल, काय करते ती?"

ताईनं फासे मुठीत घट्ट धरले. टाकले मात्र नाहीत.

रविवारची दुपार. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. काउंटरवर नकाशा पसरलेला, त्याच्या कोपऱ्यांवर भिंगांच्या डब्या ठेवलेल्या. चष्मेवाला खेळ सांगायचा. त्याची थोरली बहीण, शेजारचा शिंपी आणि चष्मेवाल्याची नवी बायको, ही तिघं एकेक पात्र होऊन त्या नसलेल्या राज्यात हिंडायची. काय घडेल ते फासे ठरवत. पण त्या राज्यात खरं काय, हे फाशांच्या हाती नव्हतं. कोणीही काहीही सुचवावं, डोंगर, देव, राक्षस. चष्मेवाला ते नकाशावर पेन्सिलीनं काढायचा. बाकीच्या प्रत्येकाच्या तोंडी ते एकदा तरी आपणहून आलं, की मगच त्यावर शाई फिरायची. शाई फिरली की ते कायमचं खरं.

"सांगणारा सांगून मोकळा होतो," चष्मेवाला म्हणायचा. "खरं करायचं ते ऐकणाऱ्यानं."

ताईची रूपनगरी कितीतरी वर्षं पेन्सिलीतच होती. सोन्याच्या वेशी, तेरा पिढ्यांची वंशावळ, प्रत्येक राजाचं वेगळं निशाण. सगळ्यांनी "वा, ताई!" म्हटलं होतं. तिकडे जायचं काम मात्र कोणाला पडलं नाही.

आणि ही काल आलेली भावजय! दुसऱ्याच रविवारी चहाचे कप उचलता उचलता म्हणाली होती, "इथं एखादा आंधळा नावाडी असू दे की. गुणगुणत येणारा. अडल्यानं हाक मारली की येईल. पैसे नाही घ्यायचा. सोडून आलेला काठ कसा होता, तेवढं सांगायचं त्याला."

"चष्मेवाल्याच्या घरात आंधळा?" शिंपी हसला होता. "अहो वहिनी, दुकानाची अब्रू घालवाल!"

पण पुढच्याच खेळात लांडगे मागे लागले, तेव्हा सगळ्यांत आधी बोंब ठोकली ती शिंप्यानंच. "आंधळेमामा, धावा!" मग चष्मेवाल्याच्याही बोलण्यात मामा येऊ लागला. राहता राहिली एकटी ताई.

"पाणी कमरेला आलं."

"हाक मारा ना, वन्सं," भावजय हळूच म्हणाली.

"ए, सुचवायचं नाही," चष्मेवाल्यानं बायकोला दटावलं. "सुचवून आलेलं धरत नाही."

ताई फणकारली. "छापील पुस्तकात आहे का हा तुमचा मामा? खेळ काढणाऱ्यांनी एवढा ठोकळा लिहून ठेवलाय. त्यात नद्या आहेत, नावा आहेत. मामा कुठल्या पानावर आहे, दाखवा मला."

पुस्तक काउंटरच्या कडेला उभं होतं. फासे खाली पडू नयेत म्हणून.

"आणि ताई, तुमची रूपनगरी कुठल्या पानावर?" शिंप्यानं विचारलं.

ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं भावजयीकडे पाहिलं. ती पदरानं एक भिंग पुसत बसली होती. हिला त्या नावाड्याची काळजीसुद्धा नाही, ताईच्या मनात आलं. हिच्याकडून सांडलं, आणि सगळे ओंजळी पुढे करून उभे. मी वर्षानुवर्षं ताट वाढून बसले आहे.

"माझी राणी पोहते," ती म्हणाली.

"चिलखतासकट?"

"चिलखतासकट."

फासे घरंगळले, पुस्तकावर आपटून थांबले. शिंप्यानं वाकून पाहिलं आणि जीभ चावली.

चष्मेवाल्यानं फासे बाजूला सारले. मग लहानपणी अंधाराच्या खोलीत तिला हाक मारायचा, तशा आवाजात म्हणाला, "ताई, पाणी गळ्याशी आलं. अजून एक श्वास आहे तिच्यात. काही बोलते का राणी?"

भावजयीचा भिंग पुसणारा हात थांबला. शिंपी ताईच्या तोंडाकडे बघत राहिला. एक शब्द पुरे होता, आणि तो कुठला, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"नाही," ताई म्हणाली. "माझी राणी कोणाला हाका मारत नाही."

"मग बुडाली."

नकाशावर राणी म्हणजे एक पितळी बटण होतं. स्वतःच्या लग्नाच्याही आधीपासून ताई तेच खेळत आली होती. तिनं ते उचललं, पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन ओढली.

"वन्सं, चहा टाकते, बसा ना," भावजय उठत म्हणाली.

"नको. घरी कामं पडलीत."

तिनं चपला घातल्या. शटरखालून जायला वाकली, आणि तशीच वाकलेली थांबली. बाहेर रस्त्यावर ऊन होतं. पर्स तिनं छातीशी धरली होती.

"अगं..." ती मागे न वळताच म्हणाली. "बुडताना तिला मामाचं गुणगुणणं ऐकू आलं असेल का गं?"

आतून शाईच्या दौतीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.