भाग सातवा

“हे पुस्तक मालिकेत नाही जाणार,” श्रीरंग म्हणाला. “याला ‘इतर’मध्ये टाक.”

नेहाचा हात कीबोर्डवर थांबला. मराठी मंडळाच्या वाचनालयाची यादी संगणकावर चढत होती. एका माळेतली पुस्तकं एकत्र ओवायचं काम तिच्याकडे होतं. कीर्तनातल्या आख्यानांचे सहा भाग तिने ओवून ठेवले होते. सहाही श्यामसुंदरबुवांच्या नावावर. बुवा म्हणजे श्रीरंगचे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण शहरात कांचघर मोहल्ल्यापासून बड्या फुहाऱ्याच्या चौकापर्यंत त्यांची पदं अजून लोकांच्या ओठांवर होती. श्रीरंग आता मंडळाचा सचिव होता.

सातवं पुस्तक विभावरीबाईंचं. बुवांच्या पत्नीचं. नवरा गेल्यावर त्यांनी ते स्वतःच्या नावाने छापलं. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून त्या आज मुद्दाम आल्या होत्या, आणि मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसल्या होत्या. आपलं पुस्तक त्या सहांच्या शेजारी लागलेलं त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. बस, एवढंच.

“पण काका, कथा तर पुढचीच आहे ना,” नेहा म्हणाली. “सहाव्यात सीता अशोकवनात वाट पाहून राहिली, अन् इथे मारुती अंगठी घेऊन पोचतो.”

“पुढचं लिहिलं म्हणून ते बाबांचं होते काय? लोक काय म्हणतात माहीत आहे? बाईनं नवऱ्याची नक्कल केली. काहून उगाच रांगेत बसवून हसू करून घ्यायचं?”

विभावरीबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

“अच्छा, मग हे काय करू?” नेहाने पान उघडलं. “प्रत्येक पदाच्या शेवटी ‘अंजनी म्हणे’ आहे. सहाही भागांत, अन् यातपण. टोपणनाव भरायचं आहे. अंजनी कोण, काका?”

श्रीरंगचा चेहरा उजळला. “ती बाबांची नाममुद्रा! मारुतीचे उपासक ना ते. मारुतीच्या आईचं नाव घेऊन पदं रचली. एवढा मोठा माणूस, पण स्वतःचं नाव नाही घातलं कुठे. केवढी लीनता! ती ओळ आली की बाबा डोळे मिटायचे. सारी सभा डोळे पुसायची. तू नाही ऐकलं, तुझं नशीब.”

खरंच होतं ते. ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानांत अजून आहे. उत्तररंग भरात आलेला, बुक्क्याचा वास दरवळलेला, बाजूला विभावरीबाईंची पेटी, आणि मिटल्या डोळ्यांचे बुवा. देव जवळ येऊन उभा राहिल्यासारखं वाटायचं.

“अन् आईनं ती मुद्राही उचलली,” श्रीरंग म्हणाला. “दुसरं नाव नाही सुचलं, आई? चोरी अशीच पकडली जाते. चलो नेहा, इतर.”

नेहाने विभावरीबाईंकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. सहा पुस्तकं एका ओळीत राहिली. सातवं खाली गेलं, पंचांगं आणि लोणच्या-मुरंब्यांच्या पुस्तकांमध्ये.

विभावरीबाई उठल्या. टेबलावरचं पुस्तक त्यांनी पिशवीत घातलं.

“तुझे बाबा भक्तीनं डोळे नव्हते मिटत, श्रीरंग,” त्या म्हणाल्या. “बाजूला पेटीवर मी असायची. त्या ओळीला त्यांना माझ्याकडे पाहवत नव्हतं. माझ्या माहेरी कोणी उरलं नाही, अन् तू कधी विचारलं नाहीस. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं त्यांनीच ‘विभावरी’ लिहिलं. त्याच्या आधी मी अंजनी होती.”