सपातांचे दोन जोड

नाकाए आजींनी उंबऱ्याच्या पायरीवर पाहुण्यांनी घरात घालायच्या सपातांचे दोन जोड काढून ठेवले. "मी एकटीच आलेय," फुमिए घाईनं म्हणाली. तरी आजींनी दुसरा जोड उचलला नाही.

फुमिए खोटं बोलली होती. अंगणाच्या टोकाला, संत्र्याच्या झाडाखाली लावलेल्या गाडीत तिची मुलगी मिओरी बसली होती. पंधरा वर्षांची पोर, आठ महिने शाळेत गेली नव्हती, खोलीतूनही बाहेर पडत नव्हती. दाराशी भरलेलं ताट ठेवायचं आणि रिकामं उचलायचं, एवढाच मायलेकींचा व्यवहार उरला होता. मग एके दिवशी रिकाम्या ताटात एक फोटो आला. किशू जातीच्या कुत्र्याच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लाचा. मागे दोनच शब्द: 'हे हवं.' आज ते बघायला किशूंची पैदास करणाऱ्या नाकाए आजींकडे जायचं म्हटल्यावर ती डोळ्यांवर टोपी ओढून गाडीत बसली आणि ओसाकाहून तीन तास या डोंगरात आली. पण आता उतरायला तयार नव्हती. रिकाम्या हातानं परत गेलो तर त्या खोलीचं दार पुन्हा उघडणार नाही, ही भीती फुमिएच्या मनातून जात नव्हती.

शेजारीपाजारी, ऑफिसातल्या बायका, खुद्द सासू, सगळ्यांना तिनं सांगून ठेवलं होतं की मिओरी परीक्षेच्या तयारीत आहे. नवरा नोकरीपायी दूरच्या गावी, त्यालाही तेच. आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊ नये, हे वळण तिला लहानपणापासूनचं. आमच्याकडे जपानात त्याला चांगुलपणाच म्हणतात.

तिच्या पर्समध्ये एक यादी होती, चांगला ब्रीडर कसा ओळखावा याची. ती मनातल्या मनात खुणा करत होती. पिल्लांची आई दाखवतात का? हाया नावाची पांढरी कुत्री स्वतःच येऊन तिचा हात हुंगून गेली. जागा स्वच्छ आहे का? चटईवर एक केस सापडला असता तर शपथ. पिल्लांच्या आईबापांच्या सांध्यांच्या, डोळ्यांच्या तपासणीचे दाखले आजींनी न मागता पुढे ठेवले. पिल्लं पाच आठवड्यांची होती, आठ पुरे झाल्याशिवाय एकही इथून हलणार नाही, असं बजावलं. यादीत शेवटी लिहिलं होतं की चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो, आणि प्रसंगी नाहीही म्हणतो. ते दुसऱ्या कुणासाठी असेल, असं फुमिएला वाटलं होतं.

आजींनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवसभर घरी कोण असतं? फिरवणार कोण? किशू ही शिकारीची जात, एकाच माणसाला जीव लावते, तो माणूस कोण? फुमिए पाठ केलेली उत्तरं देत गेली. शेवटच्या प्रश्नाला अडखळली, मग म्हणाली, मीच. आजींनी खिडकीतून एकदा अंगणाकडे बघितलं. फुमिएच्या हातातला चहा गार झाला होता.

"आणि नाहीच जमलं तर?"

हे उत्तर तिला सगळ्यांत पक्कं येत होतं. दोन्ही तळवे चटईवर टेकून ती वाकली. "काहीही झालं तरी तुम्हाला कधी त्रास देणार नाही."

आजींनी दाखले गोळा केले. "मग पिल्लू नाही मिळायचं."

काय चुकलं, फुमिएनं विचारलं. आजींनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला कुत्र्याचा लाल पट्टा काढून तिच्यापुढे ठेवला. हा ताकेचा, हायाच्या भावाचा. त्याला नेणारी माणसं इतकी सभ्य, की दर नववर्षाला शुभेच्छांचं कार्ड चुकायचं नाही. पाचव्या वर्षी त्यांना घर बदलावं लागलं, नव्या घरात कुत्रा चालत नव्हता. एक फोन केला असता तर आजी स्वतः गाडी घेऊन गेल्या असत्या. त्यांनी ताकेला बेवारस कुत्र्यांच्या सरकारी निवाऱ्यात सोडलं.

"कार्डावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्याला तसदी नको म्हणून परस्पर सोय केली,'" आजी म्हणाल्या. "मी पोचले तोवर त्याला सुई देऊन संपवलं होतं, हा पट्टा तेवढा मिळाला. मला त्रास देणारी माणसं लागतात, बाई. अवेळी फोन करणारी, रडणारी, 'घेऊन जा तुमचं कार्टं' म्हणणारी."

फुमिए उठली. अशा वेळीही तिनं वाकून आभार मानले. उंबऱ्याशी येऊन बूट घालायला वाकली आणि पायरीवर मटकन बसली. दाराच्या फटीतून गाडीची काच दिसत होती, काचेमागे टोपी. मग आठ महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तिनं सांगून टाकलं. खोली, ताट, परीक्षेचं खोटं, गाडीतली पोर.

"तो माणूस मी नाही, ती आहे," फुमिए म्हणाली. "तिला जमेल की नाही, मला माहीत नाही. मला एकटीला झेपत नाही. मी तुम्हाला फोन करीन. फार करीन." तिला रडू आवरत नव्हतं, आणि त्याची भयंकर लाज वाटत होती.

आजी गुडघे धरत तिच्या शेजारी बसल्या. पिल्लू न्यायला अजून तीन रविवार आहेत, म्हणाल्या, तिन्ही रविवारी पोरीला घेऊन यायचं.

"ती गाडीतून उतरायची नाही."

"आज नाही उतरली तर पुढच्या रविवारी बघू. पिल्लाला कुठं घाई आहे?" आजींनी पायरीवरचा दुसरा जोड हातानं नीट लावला. "तुमची गाडी अंगणात वळली तेव्हाच दिसली मला ती. या सपाता तिच्यासाठीच काढल्यात. ती येईपर्यंत इथंच राहतील."