मांडीवरचा दगड

आण्णा जीपमध्ये मांडीवर दगड घेऊन बसले होते. लेकीनं, हर्षदानं, हौसेनं मोठे टायर घातल्यापासून खिंडीच्या चढाला जीप धापा टाकायची, मागं घसरू लागायची. मग आण्णांनी उडी मारून चाकामागं दगड लावायचा.

"ठेवा की तो खाली, आण्णा," लेक म्हणाली. "टायर मोठे झाले आणि इंजिनाला जड जायला लागलं. म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे, म्हणजे चाकांना जोर देणारे, गियर बदललेत. पळेल कमी, पण चढाला ओढेल."

कमी पळते, हे आण्णांनी हायवेलाच बघितलं होतं. जीपला तसलेच टायर घातलेला, पण गियर जुनेच ठेवलेला पुतण्या संग्राम हॉर्न वाजवत पुढं गेला होता. "काका, चालत या, लवकर पोचाल!" आण्णांना ते भलतंच झोंबलं होतं.

चढ लागला. आण्णांनी सवयीनं एक पाय दाराबाहेर काढला. पण जीप रांगत, एका लयीत, कुठंही न अडखळता चढत राहिली. त्यांनी पाय हळूच आत घेतला.

वळणावर संग्रामची जीप अडकली होती. क्लच जळल्याचा वास सुटला होता आणि तो ब्रेक दाबून घामाघूम बसला होता. हर्षदानं बाजूनं गाडी काढून पुढं थांबवली. आण्णा ऐटीत उतरले आणि त्याच्या चाकामागं दगड नीट बसवला.

"काका, तुम्हाला लागंल की तो."

"राहू दे तुलाच," आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "माझ्या लेकीच्या गाडीत आता दगडाला जागा नाही."