मटणाचे पॅटिस

वाटाण्यावर उतरणारी कबुतरं मी मारायची आणि मेलेलं एकही पाखरू शेतात सोडायचं नाही, ही शेतमालकाची अट. नाही म्हणालो, तर वडलांपासून चालत आलेलं शिकारीचं रान दुसऱ्याकडे जाणार. त्यात नॉर्विच शहरातल्या खाटकानं कबुतरं घेणं बंद केलं आणि आमचा फ्रीजर भरला. “पुन्हा ताटात कबूतर दिसलं, तर मी बहिणीकडे निघाले!” बायकोनं, थेल्मानं, बजावलं. शेवटी बाजारातल्या पॅटिसवाल्यानं सगळी उचलली. “कशात घालणार ते विचारू नकोस,” तो डोळा मारत म्हणाला. रिकामा फ्रीजर बघून थेल्मा कितीतरी दिवसांनी हसली. शनिवारी तिनं बाजारातून गरमागरम पॅटिस आणले. “मटणाचे आहेत, खा पोटभर!” पहिल्याच घासाला दाताखाली बंदुकीचा छर्रा आला. “कसे लागतात?” “झकास,” म्हणत मी तो गिळला. तिनं तोंडातून काहीतरी काढून ताटलीत टाकलं. टिंग! “बहिणीला फोन लाव.”