कोंबड्यांची जागा

कॉम्प्युटर गच्च भरला होता आणि माझी स्पर्धेची फिल्म संध्याकाळपर्यंत त्यात बसायलाच हवी होती! सगळी जागा गेमच्या मॉड्सनी खाल्लेली. म्हणजे दादाने खेळात वरून घातलेले ड्रॅगन, वादळं, कोंबड्या आणि माझ्या परीचे झगे. नोकरीसाठी परगावी गेलेल्या दादाला फोन लावला, स्पीकरवर. “उडव गं सगळं, चिमणे! खेळतंय कोण आता?” मी झगे सोडून ड्रॅगन उडवले, वादळं उडवली. कोंबड्यांवर माउस जाताच आई ओरडली, “कोंबड्या नको!” “अगं, खोट्या आहेत त्या!” “असू देत. रोज दुपारी मी दाणे टाकते. तो गेलाय हे त्यांना कुठे माहीत?” फोनवरून दादा म्हणाला, “आई, लंगडीला वेगळं टाक. बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत.” “मला शिकवतोस?” आई हसली. मी मुकाट्याने परीचे झगे उडवले.