तांडेलाची हाळी

"परत बंद! तांडेल, तुम्ही वायरला पाय लावलात का?" शहरातून आलेले प्राध्यापक केळशीकर सहाव्यांदा ओरडले.

वाळूत बसलेल्या भिवा तांडेलांनी पाय आणखी आखडून घेतले. रापणीचं जाळं ओढताना द्यायच्या हाळ्या आता गावात त्यांनाच तेवढ्या येत होत्या. त्या टिपून घ्यायलाच प्राध्यापक आले होते, कारण उद्या तांडेलांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. रेकॉर्डरचे सेल संपल्यावर प्राध्यापकांनी त्याला विटेएवढी पॉवर बँक जोडली होती, पण दर अर्ध्या मिनिटाने सगळं बंद पडत होतं. दोष मात्र कधी खाऱ्या वाऱ्याचा, कधी तांडेलांचा.

तांडेलांची मुलगी रेवती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दर वेळी किती सेकंदांनी बंद पडतं, एवढं तर तिसरीतलं पोरही मोजून पाहतं, असं तिच्या मनात आलं.

"सर, तुमचं यंत्र वीज इतकी कमी घेतं, की बँकेला वाटतं पाहुणा जेवून उठला. मग ती पान उचलते. पंगतीला आणखी एक भुकेला बसवा."

"माझा फोन फुल आहे," प्राध्यापक फणकारले.

मघाशी त्यांनी ज्याला डबडं म्हटलं होतं, तो बाबांचा चार्जिंग संपलेला फोन रेवतीने त्याच बँकेला लावला. रेकॉर्डर चालूच राहिला.

"पोरीन शिकवल्यान, तेव्हा चालला तुझा यंत्र, शेंबड्या!" तांडेल गरजले आणि त्याच दमात पहिली हाळी सुटली.

सगळं झाल्यावर प्राध्यापक पुटपुटले, "ती सुरुवात पुसून टाकतो."

"हात लावू नका," रेवती म्हणाली. "हाळ्या तुम्ही घ्या. तेवढं माझं."