साहेबांचं बटण

“वेबसाइट आधी बंद करा! उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांनी बटण दाबल्यावरच सुरू झाली पाहिजे,” संस्थेच्या संचालकांनी फर्मावलं. अंधांना मराठी वाचून दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर सकाळपासून तिथे मोफत मिळत होतं. वेबसाइट उभारणाऱ्या मृण्मयीने दातओठ खात ती बंद केली.

दोन तास झाले, तरी साहेबांचा पत्ता नाही. तिचा फोन वाजला. “ताई, परभणीच्या अंधशाळेतून बोलतोय. डाउनलोड मधेच थांबलं हो. पोरं कान लावून बसलीयत.”

व्यासपीठावरचे हारतुरे बघून तिला शिसारी आली. कुणालाही न विचारता तिने वेबसाइट सुरू करून टाकली.

अखेर साहेब उगवले. बटण दाबून माइकवर गहिवरले, “आज माझ्या हातून अंधांसाठी दार उघडलं!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

बटणाची वायर टेबलाखाली नुसतीच लोंबत होती.